करणी : दोरीपासून फळ्यापर्यंत

शालेय बीजगणिताच्या पुस्तकात दोन प्रकरणे बहुधा शेजारी शेजारी येतात. एक घातांकांचे आणि दुसरे करणींचे. गणिताशी ज्याचा फारसा संबंध आलेला नाही अशा एखाद्या सज्जनाच्या कानांवर हे दोन शब्द एकदम पडले, तर तो पोराचे पुस्तक मिटवून आधी भगताचे घर गाठील. घात काय, करणी काय! आणि त्यावर मास्तरांचा हुकूम असा की, 'पुढील करणींना सरळ रूप द्या.' करणीला सरळ करणे हे भगताचेच काम, शाळामास्तराचे नव्हे, अशी कोणाची समजूत झाली तर तिला हसता येणार नाही.

तथापि हे दोन्ही शब्द निष्पाप आहेत. जुन्या संस्कृत गणितात गुणण्याला 'हनन', 'वध' अशी भयंकर नावे होती. त्याच घराण्यातला 'घात' म्हणजे नुसता गुणाकार. आणि 'करणी' म्हणजे करणारी. काय करणारी, ते ओघाने येईलच. या दुसऱ्या शब्दाचे वय अडीच हजार वर्षांच्या घरात आहे, आणि इतक्या वयाचा शब्द आजही नववीच्या मुलाच्या वहीत रोजच्या कामाला येतो, ही गोष्ट लहान नाही. त्याच्या प्रवासातील काही ठळक मुक्काम महाराष्ट्रात आहेत. त्यांतले काही तर पनवेल ज्या जिल्ह्यात मोडते त्या जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले आहेत. त्या प्रवासाची हकीकत सांगावी आणि 'सरळ रूप देणे' म्हणजे नेमके काय, हेही जाता जाता पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

*

पनवेलपासूनच सुरुवात करू. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरने या गावाविषयी एक मजेदार नोंद केली आहे. गाड्यांची चाके बनवणे हा इथला मुख्य धंदा असून, देश आणि किनारा यांच्यामध्ये ये-जा करणारा प्रत्येक गाडीवान कसेही करून चाकांची एक जोडी बरोबर नेतोच, असे ती नोंद सांगते. यात नवल नाही. पनवेल म्हणजे खाडीवरचे बंदर आणि घाटाच्या वाटेचे तोंड. देशावरचा माल इथे उतरायचा, मुंबईचा माल इथून चढायचा. आणि बोरघाटाने खिळखिळे केलेले चाक बदलायला याहून सोयीची जागा कोठली?

आता चाक म्हटले की तुंबा आला, आरे आले आणि सर्वांना कवळून बसणारी लोखंडी धाव आली. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड ठेवतात, तापवून चढवतात आणि पाणी ओतून आवळून घेतात. ती सैल झाली तर चाक खुळखुळणार, फार आखूड झाली तर चढणारच नाही. म्हणजे चाकाची रुंदी ठाऊक असताना त्याचा घेर किती, हा जगातला फार जुना प्रश्न पनवेलच्या बाजारात रोज सुटत होता.

शास्त्रकारांनी त्याला दिलेल्या उत्तरांपैकी एक असे. व्यासाचा वर्ग करावा, त्याची दहापट करावी आणि वर्गमूळ काढावे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने व्यवहारासाठी परीघ व्यासाच्या तिप्पट धरावा आणि सूक्ष्म मान हवे असेल तर हा दहाच्या मुळाचा नियम वापरावा, असे सांगितले. जैन ग्रंथांतही तो आढळतो. पाच फूट व्यासाच्या चाकाला तो लावून पाहा. पाचाचा वर्ग पंचवीस, त्याची दहापट अडीचशे. √२५० म्हणजे सुमारे १५ फूट पावणेदहा इंच. खरा घेर सुमारे १५ फूट साडेआठ इंच आहे. फरक सव्वा इंचाचा. ज्योतिषाला तो पचेल, लोहाराला पचणार नाही. परंतु पनवेलच्या कारागिराला या सूत्राची गरजच नव्हती. कडेभोवती दोरी फिरवावी, उलगडावी आणि मोजावी.

गंमत अशी की, करणी या शब्दाचा जन्मही दोरीतच झालेला आहे.

*

यज्ञवेदी आखण्याचे नियम ज्या ग्रंथांत आहेत त्यांना शुल्बसूत्रे म्हणतात. शुल्ब म्हणजे दोरी. वेदीचा आकार बदलला तरी क्षेत्र ठरलेलेच हवे, किंवा आकार तोच ठेवून क्षेत्र दुप्पट हवे, असे प्रश्न तेथे पडत. एका चौरसाच्या दुप्पट चौरस पाहिजे असेल, तर पहिल्याच्या कर्णावर दोरी ताणावी आणि तीच दोरी नव्या चौरसाची बाजू धरावी. ही जी दोरी चौरस 'करते', ती करणी. दुप्पट क्षेत्र करणारी ती द्विकरणी, तिप्पट करणारी त्रिकरणी, दहापट करणारी दशकरणी. आपण आज ज्यांना √२, √३, √१० लिहितो त्याच या तिघी. चाकाच्या घेराचे ब्रह्मगुप्ताचे सूत्र म्हणजे व्यासाची दशकरणी.

द्विकरणीची लांबी किती, याचे उत्तर बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे. एकात त्याचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा आणि या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करावा. हिशेब केला तर ५७७ भागिले ४०८ येतात. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. सव्वातीन लाखांवर एकाचा फरक! या मानाला सूत्रात 'सविशेष' असे नाव आहे. काहीतरी अधिक चिकटलेले आहे, हे त्या नावातच सुचवलेले दिसते.

पश्चिमेकडे याच संख्येचे नशीब वेगळे निघाले. ग्रीकांनी तिला 'शब्दांत न येणारी' म्हटले. अरबी गणितज्ञांनी 'बहिरी' म्हटले. त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि त्यातूनच इंग्रजी 'सर्ड' शब्द आला. आपल्या प्रश्नाला पूर्णांक-अपूर्णांकांच्या भाषेत उत्तर देत नाही म्हणून तिला बहिरी ठरवले. आपल्याकडे तिचे नाव तिच्या कामावरून पडले. एवढ्यावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचे कारण नाही. √२ कोणत्याही अपूर्णांकात मांडताच येत नाही, ही गोष्ट ग्रीकांनी सिद्ध करून दाखवली; तशी सिद्धता शुल्बसूत्रांत नाही. पण नावाचा परिणाम मनावर होतो. बहिऱ्या संख्येला माणूस चुकवू पाहतो; करणाऱ्या संख्येला कामाला लावतो. आणि आपल्या गणितज्ञांनी तिला कामाला लावले.

*

करणीकडे पुढे जाण्याआधी तिच्या शेजाऱ्याची, घाताची, दोन शब्दांत विचारपूस केली पाहिजे.

राशीला राशीने एकदा गुणले की वर्ग, आणखी एकदा गुणले की घन. पुढच्या घातांना नावे कशी द्यावीत? तिसऱ्या शतकातील दिओफांतस या ग्रीक गणितज्ञाने वर्ग आणि घन ही नावे जोडून 'वर्गघन' केला आणि त्याचा अर्थ पाचवा घात असा धरला, कारण दोन आणि तीन मिळून पाच. आपल्याकडेही 'वर्गघन' आहे. पण तो सहावा घात! कारण आपली योजना अशी की वर्गाचा घन करायचा, आणि दोन त्रिक सहा. मग पाचवा घात? त्याला 'वर्गघनघात' म्हणत, म्हणजे वर्ग आणि घन यांचा गुणाकार. ब्रह्मगुप्ताने तर सरळ 'पंचगत' म्हणून मोकळे होण्याची सोयही करून ठेवली होती.

आजचा विद्यार्थी घातांकांचे जे पहिले दोन नियम घोकतो ते या दोन नावांत बसले आहेत. घातांचा गुणाकार केला की घातांकांची बेरीज होते, हा 'वर्गघनघात'. घाताचा घात केला की घातांकांचा गुणाकार होतो, हा 'वर्गघन'. पाच कोठे आणि सहा कोठे, असा मुलांचा जो नेहमीचा घोटाळा होतो, तो ग्रीक आणि भारतीय नावे शेजारी ठेवली की आपोआप उलगडतो. एकच जोडशब्द, पण मधली क्रिया निराळी.

घातांक अक्षराच्या डोक्यावर लहान आकड्याने लिहिण्याची आजची पद्धत १६३७ मध्ये देकार्तने रूढ केली. √ हे चिन्ह त्याहून जुने. १५२५ मध्ये रुडॉल्फच्या जर्मन बीजगणितात ते छापून आले. पुढे घातांक अपूर्णांकही असू शकतो, वर्गमूळ म्हणजे दुसरे काही नसून एकद्वितीयांश घात, हे न्यूटनने १६७६ च्या पत्रात सर्रास वापरून दाखवले, तेव्हा घातांक आणि करणी ही दोन प्रकरणे एकाच घरात नांदू लागली. त्यांचा शेजार योगायोगाचा नाही.

*

करणीचे व्याकरण पुरेपूर लिहिले ते भास्कराचार्याने. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४, छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्याने 'सिद्धान्तशिरोमणि' पुरा केला. त्यातील 'बीजगणित' या भागात 'करणीषड्विध' नावाचे प्रकरण आहे. षड्विध म्हणजे सहा क्रिया : बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ. आधीच्या ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांचे ऋण तो मानतो. परंतु मांडणी त्याची स्वतःची आहे.

त्याच्याजवळ √ नव्हते, अधिकाचे चिन्ह नव्हते. साध्या संख्येला 'रूप' म्हणत आणि तिच्याआधी 'रू' लिहीत, करणीआधी 'क'. म्हणजे दहा अधिक √२४ हे 'रू १० क २४' असे दिसे. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर त्याने काय उभारले ते पाहण्यासारखे आहे.

पहिली क्रिया बेरजेची. √२ आणि √८ यांची बेरीज किती? घाईचा विद्यार्थी √१० म्हणेल. शिक्षकांच्या लाल शाईचा मोठा भाग याच चुकीवर खर्च झाला असेल! ९ आणि १६ घेऊन पाहिले तर ती लगेच उघडी पडते. √९ आणि √१६ मिळून सात होतात, √२५ मात्र पाचच. भास्कराचा नियम असा. करणींची बेरीज करावी, तिला 'महती' म्हणावे, त्यांच्या गुणाकाराच्या मुळाची दुप्पट करावी, तिला 'लघु' म्हणावे, दोन्ही मिळवावीत. दोन आणि आठ, महती दहा, गुणाकार सोळा, मूळ चार, लघु आठ, मिळून अठरा. उत्तर √१८. तीन आणि सत्तावीस घेतले तर √४८. पण तीन आणि सात घेतले तर गुणाकार एकवीस, त्याला मूळ नाही. मग काय करायचे? काही नाही. दोघींना शेजारी शेजारी, वेगवेगळ्या ठेवायचे. उगाच एकत्र कोंबायचे नाही.

हे 'काही नाही' मला फार महत्त्वाचे वाटते. सरळ रूप देणे म्हणजे काहीही करून लहान करणे नव्हे. रूप बदलावे, मूल्य बदलू नये; आणि जेथे बदलणे शक्य नाही तेथे हात आवरावा. भास्कराच्या सगळ्या प्रकरणात हा संयम दिसतो, आणि तो सर्वांत स्पष्ट होतो वर्गमुळाच्या क्रियेत.

रू १० क २४ क ४० क ६० याचे मूळ काढा, असा त्याचा एक प्रश्न आहे. दहाचा वर्ग शंभर. त्यातून चोवीस आणि चाळीस वजा करा. उरले छत्तीस, मूळ सहा. दहात सहा मिळवून निम्मे आठ, वजा करून निम्मे दोन. दोन ही एक करणी ठेवली. आता आठाला रूप माना. चौसष्टातून साठ गेले, चार उरले, मूळ दोन. आठात मिळवून निम्मे पाच, वजा करून निम्मे तीन. उत्तर : √२, √३ आणि √५ यांची बेरीज. तिचा वर्ग करून पाहा, बरोबर मूळचीच राशी येते. अशीच चार करणींची, √२, √३, √५, √६ यांची बेरीज उत्तर येणारी राशीही त्याने दिली आहे. तिच्यात रूप सोळा आणि करणी सहा आहेत.

येथवर नियमाचा विजय झाला. सामान्य ग्रंथकार इथे थांबला असता. भास्कर थांबत नाही. तो आणखी एक राशी पुढे ठेवतो : रू १० क ३२ क २४ क ८. शंभरातून कोणत्याही दोन करणी वजा करा, बाकीला मूळ मिळत नाही. हट्टाने तिन्ही वजा केल्या तर मात्र छत्तीस उरतात, मूळ सहा, आणि उत्तर 'मिळते' : √२ आणि √८. परंतु या उत्तराचा वर्ग अठरा! म्हणजे यंत्र चालले, घर्रर्र आवाज झाला, पीठही पडले. पण ते गव्हाचे नव्हते. मुळात तीन करणी असतील तर वर्गात करणी तीन, चार असतील तर सहा; तेव्हा किती करणी एकदम वजा करायच्या याचा हिशेब आधी ठरलेला आहे, तो मोडून आलेले उत्तर खोटे, असे तो बजावतो. पूर्वसूरींनी हा विषय विस्ताराने सांगितला नाही, मुलांना समजावा म्हणून आपण सांगतो, अशीही त्याची नोंद आहे.

नियम सांगणारे पुष्कळ असतात. नियम कोठे लागू पडत नाही हे मुद्दाम उदाहरण रचून दाखवणारा, तोच खरा शिक्षक.

*

हे शिक्षण चालावे कसे, त्याचा खर्च कोणी करावा, याचीही एक हकीकत दगडावर कोरलेली सापडते. चाळीसगावजवळ पाटण येथील देवीच्या देवळात भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख मिळाला आणि १८६५ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्याचा नातू. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातील स्थानिक राजाने १२०७ च्या सुमारास त्याला देणगी दिली, असे त्यावरून कळते. लेख संस्कृतात आहे. पण देणगीचा व्यवहार सांगायची वेळ आली तेव्हा भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. या पाटणात जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले, अशा अर्थाचा तो मजकूर आहे.

मराठीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक. आणि तो बीजगणिताच्या पाठशाळेच्या खर्चाविषयी आहे. ग्रंथाची भाषा पंडितांची, पण पैशाची भाषा बाजाराची. पाटणच्या बाजारात चार जिन्नस घेणाऱ्या शेतकऱ्याला करणी म्हणजे काय हे ठाऊक नसेल, पण तिच्या गुरुजींचे पोट त्याच्या खरेदीवर चालत होते. तो करणी शिकू शकला असता का, असे विचारले तर उत्तर नाही असेच द्यावे लागेल. ते दार उघडायला आणखी सहा शतके जावी लागली.

*

त्या सहा शतकांत करणी देशावरून कोकणात उतरली. मुरूडजवळच्या नांदगावात केशव आणि त्याचा मुलगा गणेश हे दैवज्ञ होऊन गेले. गणेशाने १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला, आणि ज्या पंचांगांनी पुढे महाराष्ट्राचे सण-मुहूर्त ठरवले त्यांपैकी पुष्कळ या ग्रंथावर आधारलेली होती. ज्योतिषाच्या गणितातून ज्या आणि चाप यांचे सारे जंजाळ त्याने काढून टाकले, म्हणजे एका अर्थाने आकाशालाच सरळ रूप दिले! पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा दुसरा ग्रंथ महत्त्वाचा : १५४५ ची 'बुद्धिविलासिनी', भास्कराच्या 'लीलावती'वरची टीका.

'लीलावती'त भास्कराने परिघाचे दशकरणीचे मान सोडून दिले आहे. व्यवहारासाठी २२ भागिले ७, आणि सूक्ष्म हवे तर ३९२७ भागिले १२५०. आपल्या पनवेलच्या पाच फुटी चाकाला हे दुसरे मान लावले तर चूक इंचाच्या हजाराव्या भागाच्या आत येते. भास्कराने हे मान कोठून आले ते सांगितले नाही. गणेशाने ते सांगितले. वर्तुळात षट्कोन काढावा, मग बाजू दुप्पट करून बारा, चोवीस, असे करत ३८४ बाजूंपर्यंत जावे. ती आकृती वर्तुळाला इतकी चिकटते की तिच्या बाजूंची बेरीज म्हणजेच परीघ मानावा. दुप्पट करण्याच्या प्रत्येक पायरीवर वर्गमूळ येते, आणि पुढच्या पायरीवर त्या मुळाच्या पोटात आणखी मूळ. करणीच्या आत करणी, तिच्या आत करणी, अशी ती उतरंड आहे. ती मधेच दशांशात मोडली तर प्रत्येक पायरीची चूक पुढच्या पायरीवर स्वार होते. म्हणून तोडायचे ते शेवटी.

पनवेलचा कारागीर दोरी फिरवून जे शोधी तेच नांदगावचा दैवज्ञ करणींची उतरंड उतरून शोधत होता. पण या दोघांमध्ये बोलणे होण्याची सोय नव्हती. एक संस्कृतात लिहीत होता, दुसरा लिहीतच नव्हता.

*

ही सोय व्हायला छापखाना यावा लागला. १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी मंडळी उभी राहिली. त्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसने जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्या शास्त्र्यांना हाताशी धरून इंग्रजी गणिताची पुस्तके मराठीत आणली, आणि ती शिळाछापावर निघाली. त्याच सुमारास, १८१७ मध्ये, कोलब्रुकने लंडनमध्ये भास्कराचे 'लीलावती' व 'बीजगणित' इंग्रजीत आणले होते. म्हणजे करणी मराठीत उतरत होती आणि इंग्रजीतही चढत होती. मराठी पुस्तकांना पारिभाषिक शब्द शोधायला फार लांब जावे लागले नाही. वर्ग, घन, समीकरण, करणी, आणि खुद्द बीजगणित, हे सारे शब्द भास्कराच्या घरात तयार होते.

१० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर माल्कमने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि पनवेलचे दिवस पालटले. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस मचव्याने पनवेलला येई आणि तेथून गाडीने घाट चढे. मुंबईत छापलेल्या पुस्तकांना पुण्याची सोयीची वाट हीच. ज्या चाकांचा घेर दोरीने मोजला होता, त्याच चाकांवर बसून करणीची पुस्तके घाट चढू शकत होती. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली. पुढे १८६३ मध्ये आगगाडीने बोरघाट चढला तो कर्जतच्या बाजूने, आणि पनवेलची ही वाट मागे पडली.

या काळातील दोन नावे घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर १८३४ मध्ये एल्फिन्स्टनमध्ये साहाय्यक प्राध्यापक झाले. कलनशास्त्रावर 'शून्यलब्धि' हे मराठी पुस्तक त्यांनी लिहिले आणि १८४६ मध्ये, पस्तिशीही न गाठता, ते गेले. दुसरे केरो लक्ष्मण छत्रे, अर्थात केरूनाना. ते अलिबागजवळच्या नागावचे, म्हणजे याच कुलाबा जिल्ह्याचे. कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लिबार साहेबांच्या हाताखाली त्यांनी काम केले, पुढे पुण्यास गणिताचे प्राध्यापक झाले, लोकमान्य टिळक त्यांचे शिष्य. १८६० मध्ये त्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' निघाली. केरूनाना १८८४ मध्ये वारले तेव्हा नांदगावच्या गणेशाचा वारसा नव्या गणिताशी जुळलेला होता.

पण त्याच वेळी एक दार मिटतही होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, मॅट्रिकची परीक्षा इंग्रजीत आली, आणि वरच्या वर्गांत करणीची 'सर्ड' झाली, घातांकांचे 'इंडायसेस' झाले. हॉल आणि नाइट यांचे बीजगणित पिढ्यान्पिढ्या पाठ झाले. तो ग्रंथ उत्तमच होता. परंतु परक्या भाषेत शिकताना मुलाला नियम लवकर पाठ होतो आणि अट उशिरा कळते. माध्यमिक शिक्षण पुन्हा मराठीत आले ते विसाव्या शतकात. आणि तेव्हा फळ्यावर जुना शब्द जसाच्या तसा परत आला. २०१७ च्या नववीच्या पुस्तकात 'करणी' आहे, 'सजातीय करणी' आहे आणि 'छेदाचे परिमेयीकरण'ही आहे.

परत आलेला शब्द अर्थाने मात्र थोडा बदलला होता. भास्कराला 'क ४' लिहायला हरकत नव्हती. आज √४ ला करणी म्हटले तर गुण जातात, कारण ते सरळ दोन आहेत. भास्कराच्या करणी वर्गमुळाच्या. आजच्या करणींत घनमुळेही येतात. शब्द जगतात ते असेच.

*

हे परिमेयीकरण म्हणजे पुष्कळ मुलांच्या लेखी निव्वळ कर्मकांड. छेदात करणी ठेवायची नाही, का, तर मास्तर म्हणतात म्हणून. नियम भास्कराचाच आहे. छेदातील एका करणीचे चिन्ह उलटावे, त्या राशीने वर-खाली गुणावे, आणि छेदात एकच पद उरेपर्यंत हे चालू ठेवावे. पण त्यामागचे कारण एका उदाहरणात दिसते. एक भागिले (√३ वजा √२) घ्या. √३ साठी १.७ आणि √२ साठी १.४ घेऊन सरळ भाग दिला तर ०.३ ने भागून ३.३३ येतात. परिमेयीकरण केले तर हीच राशी √३ अधिक √२ होते, आणि तीच ओबडधोबड माने घालून ३.१ येतात. खरे उत्तर सुमारे ३.१४६. मोजमाप तेच, आकडे तेच. नुसते रूप बदलल्याने चूक चौथ्या हिश्श्यावर आली. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी चुकीला मोठी करते, बेरीज करत नाही. आज हिशेबाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. पण यंत्रसुद्धा ठरावीक अंकांपर्यंतच मोजते, आणि त्याच्यासाठी सूत्र लिहिणाऱ्याला ही युक्ती ठाऊक असावी लागते.

अटींचेही तसेच. √अ गुणिले √ब म्हणजे √(अब), हे प्रत्येक मुलाला पाठ असते. दोन्हींच्या जागी उणे एक घातला तर एका बाजूने उणे एक येतो, दुसऱ्या बाजूने अधिक एक. नियम खोटा नाही. तो ऋण नसलेल्या संख्यांसाठी आहे. ऋण राशी कोणाचाच वर्ग नसते, म्हणून तिला मूळ नाही, असे भास्कराने आपल्यापुरते कुंपण घालून ठेवले होते. पुढे गणिताने कुंपणापलीकडची जमीनही लागवडीखाली आणली, पण कुंपण कोठे होते हे विसरून नव्हे.

पनवेल आता बंदर राहिलेले नाही. २०१६ पासून तेथे महानगरपालिका आहे, आणि ज्या वाटेने बैलगाड्या घाटाकडे निघत तिच्या आसपास द्रुतगती मार्ग धावतो. चाकांवर लाकूड नाही, लोखंडी धाव नाही. पण चाकाचा घेर व्यासाशी तेच नाते ठेवून आहे, आणि द्विकरणी आजही कोणत्याही अपूर्णांकात मावत नाही. दोरी बदलली, पाटी बदलली, लिपी बदलली. राशीचे मूल्य बदलले नाही. पाटणच्या बाजारातील गिऱ्हाइकाने ज्या विद्येचा खर्च सोसला पण जी त्याला शिकता आली नाही, ती आज कोणत्याही गावच्या शाळेत, त्याच्याच भाषेत, त्याच जुन्या नावाने शिकायला मिळते. शिकवणाराने फक्त एवढे करावे : नियमाच्या शेजारी अट लिहावी, आणि उत्तर आले की त्याचा वर्ग करून पाहायला सांगावे.